आप्पांचं रीळ

पौष सरत आला की आमच्या विहिरीचं पाणी निवळतं. पावसाळाभर ते चहासारखं गढूळ असतं, दिवाळीपर्यंत हिरवट. मग कांद्याची लागण उरकत येते, वाफ्यांमधून ओल्या मातीचा आणि रोपांचा उग्र गोड वास सुटतो, आणि अशाच एखाद्या सकाळी कठड्यावरून वाकून पाहावं तर खालचा खडक दिसतो. त्याच्या कपारीत बसलेला खेकडासुद्धा दिसतो. डिंगोऱ्यातल्या थंडीची माझी खूण हीच. स्वेटर, शेकोट्या हे सगळं नंतरचं.

यंदा रजा काढून गावी आले तेव्हा पाणी असंच निवळलं होतं. पंपाच्या खोलीबाहेर तारेवर आप्पांचा पाणबुड्याचा काळा सूट वाळत होता. हात पसरलेला, वाऱ्यानं हलणारा. बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्यानं हाळी दिली, “आप्पा, वाळत कुनाला घातलंय?”

“मीच हाय,” आप्पा म्हणाले. “वाळलो की काढून घडी घालनार हाये.”

मी हसले आणि मला तो हिवाळा आठवला. दोन वर्षांपूर्वीचा. आमच्या घरात त्याला ‘रिळाचा हिवाळा’ म्हणतात.

माझे वडील, म्हणजे आप्पा, तसे पाण्यातलेच. वय बासष्ट, अंग सडसडीत, आणि उजव्या हाताची तर्जनी कडबाकुट्टीनं अर्धी नेलेली. गावात कुणाचा पंप विहिरीत पडला, फूटव्हॉल्व्ह अडकला, घागर निसटली, की निरोप आप्पांना. ते यायचे, कठड्यावर सदरा ठेवायचे, एक मोठा श्वास घ्यायचे आणि दिसेनासे व्हायचे. वरची माणसं कुजबुजायचं थांबवायची. मी लहान होते तेव्हा कठड्याला घट्ट धरून आपलाही श्वास रोखायची. माझा सुटायचा, आप्पांचा नाही. वस्तू हाताला लागल्याशिवाय ते वर येत नसत, म्हणजे श्वासाला येत, पण कामाला म्हणून वर येत नसत. एका नव्या सुनेचं मंगळसूत्र त्यांनी दिवसभर बुड्या मारून काढलं होतं. तिन्हीसांजेला वर आले तेव्हा डोळे लाल, ओठ निळे आणि मुठीत ते चिखलानं माखलेलं डोरलं. “पान्यात गेलं म्हंजे गेलं नसतंय,” ते म्हणायचे, “खाली असतंय.”

अशा माणसाला मी मालवणला नेलं. मी पुण्याला एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि समुद्रात पाणबुड्यासारखं उतरायचा नाद मला तिथल्या मैत्रिणींमुळे लागला. आप्पांना वाटलं होतं, समुद्र म्हणजे मोठी विहीर. सिलिंडर पाठीला बांधून, तोंडात नळी धरून ते प्रशिक्षकाबरोबर खाली जाऊन वर आले. होडीच्या काठाला धरून नुसते हसत राहिले. मग म्हणाले, “मने, वर यायची घाईच नाय गं. खाली निस्तं बसता येतंय!”

पुढच्या वर्षी त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं. डॉक्टरांकडून छातीची, कानांची तपासणी करून घेतली. पुस्तक इंग्रजी होतं, म्हणून मी दर रविवारी फोनवरून एकेक धडा मराठीत सांगायची आणि ते ऐकत कांदे निवडायचे. आईच्या सांगण्याप्रमाणे ते रात्री झोपेतही अंगठा वर करायचे. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. आई म्हणायची, “ह्यांना झोपेत कुठं वर जायचंय, देव जाने.”

हे झालं आणि एके दिवशी जेवताना, आई चुलीपाशी भाकरी थापत असताना, आप्पा सहज म्हणाले, “अगं, आता तुजं घर बगून येतो.”

आईचा हात परातीतच थांबला.

आईचं घर म्हणजे तिचं माहेर. डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेलं, घोड नदीकाठचं एक लहानसं गाव. ती लग्न होऊन डिंगोऱ्याला आली आणि काही वर्षांत माहेर उठायला लागलं. सामान बैलगाड्यांतून, ट्रकांतून निघत होतं तेव्हा तिला माझ्या वेळचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरच जागेवर नव्हतं. त्यामुळे मी डिंगोऱ्यात जन्मले आणि आईनं आपलं गाव उठताना पाहिलंच नाही. पुढं उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिकडचे लोक ओटे, चौथरे बघायला जायचे, नारळ फोडायचे. आई गेली नाही. तिचं घर नदीच्या अंगाला, ते कधी उघडंही पडलं नाही. तिचा धाकटा भाऊ, आमचा बाळूमामा, डिंभ्यातच राहतो. थोडी भातशेती, एक होडी, मासेमारी. भाऊबीजेला आम्ही त्याच्याकडे जायचो. एसटी वेळेवर कधी यायची नाही, म्हणून पुढं आप्पांनी जुनी जीप घेतली. मामाच्या ओट्यावरून सगळं पाणी दिसतं. आई त्या ओट्यावर पाण्याकडे पाठ करून बसायची. दर वर्षी. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की मामी तिचा पाट आधीच तसा मांडायची.

त्या दिवशी तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून बाहेर येताना एवढंच म्हणाली, “पानी लई हाय तितं.”

आप्पांनी त्याचा अर्थ ‘नको’ असा न घेता ‘नीट तयारी करा’ असा घेतला. मला फोन केला. मी घाबरले. मालवणचं पाणी वेगळं. धरणाच्या पाण्यात हातभर पुढचं दिसत नाही, तळाला गाळ, पाय लागला की अंधार. मी सांगितलं, “आप्पा, रीळ आणि दोरी असल्याशिवाय मी तुम्हाला तिथं उतरू देणार नाही. दोरीचं एक टोक होडीत, रीळ आपल्या हातात. जाताना सोडत जायची, येताना गुंडाळत यायची. डोळ्यांना दिसलं नाही तरी हाताला वाट असते.”

“मंग त्यात काय,” आप्पा म्हणाले. “दोरी घरात हाये.”

मी रजा टाकून गावी आले आणि तो हिवाळा असा सुरू झाला. कांदे लावायला बायका आलेल्या, वाफ्यात पाणी सोडलेलं, आणि मालक विहिरीत.

घरातली दोरी म्हणजे निळी प्लॅस्टिकची, गुरं बांधायची. आप्पांनी ती पाइपच्या तुकड्यावर गुंडाळली होती आणि दोन्ही बाजूंना लाकडी चकत्या ठोकून छान रीळ केलं होतं. माझ्या मनात ते पाहून कौतुकच दाटलं. आम्ही दोघं उतरलो. खडकाच्या कडेकडेनं आप्पा दोरी सोडत गेले, मी मागं. वळून परत यायला लागलो तर दोरी कुठेच नाही. प्लॅस्टिकची दोरी तरंगते. ती आमच्या डोक्यावर निळ्या सापासारखी वेटोळी घेत वर चालली होती आणि तिचा एक फास आप्पांच्या सिलिंडरच्या मानेत बसला होता. मी तो सोडवला. वर आल्यावर आप्पा म्हणाले, “गुरं बरी. त्यांना एवडा गुंता नाय व्हत.”

मग बाळूमामानं तंगुसाची भेंडोळी पाठवली. मासे धरायचा तो पारदर्शक, मजबूत दोरा. “दाजी, ह्याच्यावर दहा किलोचा मासा ओडलाय म्या,” असा निरोपही. तंगूस मजबूत खराच, पण पाण्यात दिसतच नाही, आणि रिळावरून सुटला की स्प्रिंगसारखा उड्या मारतो. ओढ बसल्यावर माझ्या बोटाला कापलं. मामाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, “माशांना दिसू नये म्हनून तर असतोय तो. तुमी मासं हायती व्हय?”

शेवटी आप्पांना घेऊन मी पुण्याच्या दुकानात गेले. अशी दुकानं मोजकीच. काचेच्या कपाटात रिळं टांगलेली. आप्पांनी आत शिरताच सर्वांत मोठ्या रिळाकडे बोट केलं, म्हणजे बोटाच्या त्या उरलेल्या अर्ध्यानं. “ह्ये द्या.”

“आप्पा, ते गुहेत जाणाऱ्यांसाठी असतं,” मी म्हणाले. “केवढं जड आहे. इतकी दोरी तुम्हाला लागणार नाही.”

“धरनाला काय कमी लागनार? जास्त आसली तर बिगडलं कुठं?”

“जास्त असली की माणूस जास्त लांब जातो.”

हे मी बोलून गेले आणि मग मलाच पटलं. मी आठवडाभर वाचून आले होते. माझ्या मनात छोटं, बिनदांड्याचं रीळ पक्कं होतं. मधल्या भोकात तर्जनी घालायची आणि ते बोटावर फिरवत दोरी सोडायची. मोडण्यासारखं, अडकण्यासारखं त्यात काहीच नसतं. दुकानातल्या मुलीनंही तेच काढून दिलं. आप्पांनी ते घेतलं, उजव्या हातात धरलं, बोट घातलं. अर्धं बोट. रीळ घसरलं, फरशीवर पडलं आणि पांढरी दोरी सोडत घरंगळत पार दाराशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या बुटांपर्यंत गेलं. त्या भल्या माणसानं ते उचलून, वाकून आप्पांना परत दिलं. आप्पांनी डाव्या हाताचं बोट घालून पाहिलं. शेतकऱ्याचं बोट ते, भोकात बसेना.

मला वाईट वाटलं. मी सगळं वाचलं होतं. दोरीची जाडी, विणलेला नायलॉन बरा की पिळाचा, पांढरा रंग गढूळ पाण्यातही कसा दिसतो, नायलॉन पाण्यात हळूहळू बसतो आणि प्लॅस्टिकसारखा डोक्यावर चढत नाही, हे सगळं. फक्त हात कुणाचा आहे, हे विसरले होते.

आप्पांना काही वाटलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “आता येकेक द्या हातात.”

मग बराच वेळ दुकानात तोच खेळ चालला. ती मुलगी एकेक रीळ हातात देई, आप्पा डोळे मिटून मूठ चाचपत, दांडी फिरवत, थांबवायचा खिळा शोधत. “ह्याचा खिळा बारीक. थंडीत बोटं बधिरली तर घावनार नाय.” “ह्यात दोरी बाजूनं निसटून आत जाती, बग. आडकंल.” मी मध्येच हातमोजे आणून दिले, कारण आपण मोजे घालूनच उतरणार होतो आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मोज्यांनी निम्मी रिळं बाद झाली. शेवटी एक मधलंच रीळ राहिलं. रुंद मूठ, मोठा खिळा, पिवळा रंग, आणि त्यावर पन्नासेक मीटर पांढरी विणलेली दोरी. आप्पांना वाटत होतं त्याहून बरीच कमी आणि मला वाटत होतं त्याहून थोडी जास्त. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या.

घरी येताना कळंबला थांबून मिसळ खाल्ली. टेबलावर मध्यभागी ते पिवळं रीळ ठेवून. वाढणाऱ्यानं विचारलं, “पतंगाचं का, काका?” आप्पा म्हणाले, “त्येच्या उलटं.”

मग विहिरीत सराव. दोरीचं टोक कठड्याजवळच्या पंपाच्या पाइपला बांधायचं आणि खाली डोळ्यांवर फडकं लावून, म्हणजे मास्कच्या काचेवर आतून कागद लावून, दोरीच्या आधारानं परत यायचं. नियम मी घातले होते. दोरी कधीही सोडायची नाही, ताण सैल पडू द्यायचा नाही. आणि शेवटचा, सर्वांत मोठा: दोरी संपली की माघारी.

“आन् वस्तू हातभर पुडं असली तर?” आप्पांनी विचारलं.

“तरी माघारी.”

“हातभरच पुडं असली तर, मने?”

“आप्पा!”

त्यांनी मान हलवली, पण मला ती मान काही खरी वाटली नाही. जन्मभर हातभर पुढं जाऊन वस्तू घेऊन येणारा माणूस तो. मला रात्री झोप लागायची नाही ती याच एका कारणानं. हवा किती उरली ते ते न चुकता बघत, कान सावकाश मोकळे करत, सगळं नीट शिकले होते. पण ‘रिकाम्या हातानं परत फिरणं’ हा धडा त्यांनी कधी गिरवला नव्हता.

या सगळ्यात आई विहिरीकडे फिरकली नव्हती. वास्तविक त्याच विहिरीवर तिनं आयुष्यभर धुणी धुतली होती. पण आम्ही आत असलो की ती लांब, कांद्याच्या वाफ्यात. एक दिवस जेवायला बोलवायला म्हणून आली. नंतर तिनंच मला सांगितलं ते असं: वर कुणी नव्हतं, पाण्यावर नुसते बुडबुडे, आणि पाइपला बांधलेली पांढरी दोरी थरथरत होती. तिला वाटलं, हे काय, जितं आहे का काय. तिनं दोरीवर हात ठेवला.

खाली मी आप्पांच्या मागंच होते. दोरीला एक हिसका आला. आप्पा थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी सवयीनं एक हिसका परत दिला. वरून पुन्हा एक आला. मग आप्पांनी तोंडातल्या नळीतून केलेला आवाज मला पाण्यातही ऐकू आला. ते हसत होते.

वर आलो तर आई कठड्याशी बसलेली, दोरी दोन्ही हातांत. “आवो, कळतंय की,” ती म्हणाली. “तुमी डावीकडं वळला त्येबी कळलं. येकदा थांबला त्येबी.” मग पदर खोचत म्हणाली, “त्या पायपाला बांधून काय व्हतंय? पायप काय वळखनार तुमाला? मी धरीन.”

“धरनावरबी?” आप्पांनी विचारलं.

आई उठली. “भाकऱ्या गार झाल्या,” म्हणाली आणि चालू लागली. पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज येऊन बसू लागली. आमच्या तिघांची भाषाच ठरली. एक हिसका म्हणजे बरं चाललंय. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे निघालो. आणि हिसके थांबतच नसतील तर मामानं होडीतली दुसरी दोरी टाकायची आणि आरडाओरडा करायचा. गावात बातमी पसरली की वहिनी आप्पांना दावणीला बांधून विहिरीत सोडतात. आई त्यावर लाजून हसायची. तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

माघात आम्ही डिंभ्याला गेलो. परवानगीचं मामानं पाहिलं होतं. पाणी बरंच उतरलं होतं, काठाला चिखलाच्या पायऱ्या पडल्या होत्या, डोंगरावर हिरड्याची झाडं धुक्यात. थंडी अशी की आप्पा सूट घालताना ‘हर हर’ करत होते. मामाच्या होडीत आई बसली. तोंड पाण्याकडे करून. मामीनं काठावरून ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मामानं डोंगराची एक सोंड आणि समोरचा एक कडा यांच्या रेषेवर होडी आणली आणि दगड बांधून उभी केली. “अक्का, इतं आपली वेस,” तो म्हणाला. “खाली सात-आठ पुरुस, चाळीसेक फूट पानी आसंल.”

आईनं पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हात उचलून दाखवलं. “म्हंजे देऊळ तिकडं. शेंदऱ्या आंबा हितून सरळ. आन् आंब्याच्या पल्याड आपला ओटा.” तिचा हात हवेत तसाच राहिला. “आंब्यापास्नं लांब नाय. मी हाक मारली की आई घरातनं ओ द्यायची.”

आम्ही उतरलो. वरचं पाणी हिरवं, खालचं तपकिरी. आपलाच हात टॉर्च जवळ आणल्यावर दिसे. मालवणच्या त्या निळ्या उजेडाशी याचं काही नातं नव्हतं. आप्पा पुढं, दोरी सोडत. मी मागं, दोन बोटांच्या कड्यातून दोरी सरकू देत. हाताला दगड लागले, रांगेत लावलेले. कुठल्यातरी भिंतीचा पाया. मग नुसता गाळ. मग आप्पा थांबले आणि त्यांनी माझा हात धरून कशावर तरी ठेवला. खरखरीत, रुंद, दोघांच्या कवेत न मावणारं. खोड होतं. मऊ पडलेलं, पण उभं. आंबा.

आप्पा खोडाच्या कडेनं पुढं निघाले. त्यांच्या पायानं गाळ उठला आणि ते नाहीसे झाले.

टॉर्च लावून काही उपयोग नव्हता. उजेड तपकिरी भिंतीवर आपटून परत येत होता. माझ्या कानात माझाच श्वास. मी स्वतःला सांगत होते, दोरी आहे, दोरी आहे. तिच्यावरून हात सरकवत गेले. एक हात, दुसरा हात. दोरी ताठ होती. शेवटी माझा हात रिळाला लागला, मग मुठीवरच्या मोज्याला. मी टॉर्च जवळ धरला. रीळ रिकामं होतं. पिवळा दांडा नुसता उघडा पडला होता आणि गाठीशी दोरी ताणलेली. आप्पा आडवे तरंगत होते. एक हात रिळावर, दुसरा पुढं, गाळात पसरलेला.

त्यांनी मान वळवली. मास्कच्या काचेतून डोळे दिसले. त्यांनी पुढं बोट केलं आणि मग तो हात थोडासा उघडला. हातभर. एवढंच.

मी मान हलवली. नाही.

मला ठाऊक होतं, मी त्यांना अडवू शकणार नाही. रीळ माझ्या हातात देऊन ते सहज पुढं गेले असते. तिथं ओटा असेलही. आणि त्या गाळात, आंधळ्यासारखं, दोरीशिवाय, परत यायची दिशा कुठून आणणार होते? माझ्या हातात त्यांचं मनगट होतं. मी ते दाबलं नाही, नुसतं धरून राहिले.

तेवढ्यात दोरीला हिसका आला. एक. बरं चाललंय ना?

आप्पा हलले नाहीत. पुन्हा एक आला. हलकाच. लहान मुलाच्या कपाळावरून हात फिरवावा तसा. मी आप्पांच्या डोळ्यांकडे पाहत होते. त्यांनी पुढं केलेला हात सावकाश मागं घेतला, दोरी धरली आणि तीन हिसके दिले. निघालो.

परतताना रिळाची दांडी त्यांनीच फिरवली. आंब्याशी क्षणभर थांबून खोडावर तळहात टेकवला आणि मग वर.

होडीच्या काठाला धरून तोंडातली नळी काढली तेव्हा आप्पांना दम लागला होता. आईचे दोन्ही हात अजून दोरीवर. तिनं आधी दोघांकडे पाहून घेतलं, जणू मोजून, आणि मग विचारलं, “घावलं?”

“नाय,” आप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द ते पाण्यातून वर येऊन बोलत होते. “दोरी सपली गं. हातभर राह्यलं आसंल. पर दोरी सपली.”

मामा लगेच म्हणाला, “दाजी, माज्याकडं तंगूस हाये. गाठ मारू का? जरा दम खा, परत उतरा.”

मी काही बोलणार तोच आई म्हणाली, “नको.”

पाणी होडीला चुबुक चुबुक लागत होतं. आई रिळाबाहेर उरलेली दोरी गोळा करत होती, ओल्या हातांनी, ओंजळीत वेटोळी करत. “दारापस्तोर जाऊन आलात, बास झालं,” ती म्हणाली. “घरात कोन हाये आता? रिकाम्या घरात पुरुषमानसानं शिरून करायचं काय?” मग वेटोळी मांडीवर ठेवत, “आंबा घावला का?”

“घावला की!” आप्पा एकदम म्हणाले. “हुबा हाये. ह्यो एवडा. मनीला इच्यार.”

“उभा आहे, आई,” मी म्हणाले. “आमच्या दोघांच्या कवेत मावेना.”

“मावनारच नाय,” आई म्हणाली. “आमा तिघी बहिनींच्या मावायचा नाय. ह्यो बाळू तवा रांगत व्हता. तो आंब्याच्या मुळांत जाऊन बसायचा आन् आमी सगळ्या गावात सोदायचो.”

“मला कुनी सांगितलं नाय ह्ये,” मामा म्हणाला.

“कदी सांगनार? तू कदी इच्यारलंस?”

काठावर मामीनं शेकोटी केली होती. चहा झाला, तांदळाची भाकरी आणि मासे झाले. आई ओट्यावर आली तर मामीनं सवयीनं पाट पाण्याकडे पाठ येईल असा मांडला होता. आई त्यावर बसली नाही. जमिनीवरच बसली, पायरीशी, जिथं ऊन होतं, आणि सांगत राहिली. भात झोडायच्या दिवसात अंगाला टोचणारी कूस. नदीच्या डोहावर धुणं धुताना मैत्रिणीनं ऐकवलेल्या चुगल्या. शेंदऱ्या आंब्याची चव, जी मामाच्या मते आंबट होती आणि आईच्या मते त्याला आठवतच नव्हती. मामा तिच्या प्रत्येक वाक्याला नवी माहिती मिळाल्यासारखा मान डोलवत होता. आप्पा शेकोटीपाशी ब्लँकेट गुंडाळून नुसते ऐकत होते. जन्मभर बुड्या मारून लोकांच्या वस्तू वर आणणाऱ्या या माणसाला आज रिकाम्या हातानं यावं लागलं, ते त्याला डाचत असेल, असं मला वाटत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ते आईकडे पाहत होते. लग्नात पाहिलं असेल तसं.

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. जीपमध्ये पुढं आप्पा, शेजारी आई, मागं मी आणि ओल्या पिशव्या. एरवी भाऊबीजेहून परत येताना आई खिडकीला डोकं टेकून झोपल्यासारखी बसते, अगदी घर येईपर्यंत. त्या दिवशी ती गप्प बसली नाही. घाटाच्या वळणांवर ती तिच्या आईविषयी सांगत होती, जिला मी पाहिलेलं नाही. ती कशी चालायची, कशी चिडायची, चिडली की भांडी कशी वाजवायची. मध्येच आप्पांनी विचारलं, “मग तू काय म्हनायचीस?” आणि आई ते म्हणून दाखवायला लागली, तिच्या आईच्या आवाजात आणि स्वतःच्या लहानपणीच्या आवाजात, दोन्हीकडून.

डिंगोरे आलं. दोन्ही बाजूंना कांद्याचे हिरवे वाफे, त्यावर संध्याकाळचं तिरकं ऊन. आप्पांनी जीप अंगणात घेतली आणि इंजिन बंद केलं. गोठ्यातून म्हशीनं रेकून हजेरी दिली. धारेची वेळ झाली होती. शेजारीण कुंपणापाशी येऊन आमच्याकडे पाहत उभी राहिली.

कुणीही दार उघडलं नाही. आईचं सांगून व्हायचं होतं.